नेमबाज पोलिसाची रायफल

कामगारांच्या संघटनेत ज्याचे केस पिकले, त्याने या व्यासपीठावर पोलिसांच्या बंदुकीविषयी बोलावे हे पाहून काही मंडळी गालातल्या गालात हसली असतील. आमचा आणि पोलिसांचा संबंध कसा असतो हे अकोलेकरांना सांगायला नको. मोर्चात आम्ही पुढे आणि ते कडेला. मोर्चा संपला की एकाच टपरीवर दोघांचाही चहा. तरी हा विषय आम्ही मागून घेतला. पोलिसांनी कोणती बंदूक घ्यावी हे ठरवणारे अधिकारी वेगळे असतात, हे खरे. पण ज्यांच्या गावात ती वागवली जाणार त्यांनाही त्यातले थोडेफार कळलेले बरे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे, पुढचे सगळे वाचनालयांनी केले. तेव्हा शास्त्र सांगताना आमच्या तोंडी साधेच शब्द येतील, ते आपण चालवून घ्यावे.

दुरून, लपून, एकाच माणसावर नेम धरून गोळी मारणाऱ्याला इंग्रजीत 'स्नायपर' म्हणतात. या शब्दाचा जन्म हिंदुस्थानातला आहे. आपल्या दलदलीत पाणलावा नावाचा पक्षी असतो. त्याला इंग्रजीत 'स्नाईप'. तो उडतो वेडावाकडा, त्यामुळे टिपायला अवघड. अठराव्या शतकात इथले गोरे अंमलदार या पाणलाव्याच्या शिकारीविषयी घरी पत्रे लिहीत, त्यांतून हा शब्द निघाला आणि पुढे युद्धात गेला. युद्धातून तो पोलिसांत आला, आणि घोटाळ्याला सुरुवात इथेच झाली असे आम्हाला वाटते. शब्द एकच असला तरी काम एक नाही. सैन्याचा नेमबाज हजार मीटरवरच्या शत्रूला गाठतो. गोळी चुकली तर ती शत्रूच्याच मुलखात पडते, आणि मग तो दुसरी मारतो. पोलिसांचा नेमबाज मात्र आपल्याच गावात, आपल्याच लोकांच्या मध्ये बसलेला असतो. त्याच्यावर गोळी मारायची वेळ येते ती बहुधा शंभर मीटरच्या आत. एखाद्याने लहान मुलाच्या मानेला सुरा लावला आहे आणि बोलणी फिसकटली आहेत, अशा वेळी त्याला एकच गोळी मिळते. ती चुकली तर ज्याला वाचवायचे तोच मरतो.

आता मुंबईकडे वळू. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन माणसे एके-४७ घेऊन शिरली आणि त्यांनी ५८ जणांचे प्राण घेतले. मेलेल्यांत गावाकडे निघालेली, गाठोड्यावर डोके टेकून गाडीची वाट पाहत बसलेली गरीब माणसे होती. स्टेशनावर पोलीस नव्हते असे नाही. कोणाच्या हाती काठी होती, कोणाच्या हाती थ्री-नॉट-थ्री. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तिथेच पडले. रेल्वे सुरक्षा दलाचे झिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातची रायफल घेऊन गोळी झाडली, आणि पुढे हाताला लागली ती प्लास्टिकची खुर्चीच हल्लेखोराच्या दिशेने फेकली. त्यानंतर थोड्याच वेळात गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी हाताने धरून ठेवली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. या माणसांविषयी बोलताना आमचा आवाज खाली येतो. पण त्यांच्या शौर्याचे पोवाडे गाताना त्यांच्या हाती काय दिले होते, हे विसरून चालणार नाही.

पुढचे काही महिने 'थ्री-नॉट-थ्री' ही शिवी होऊन बसली. जुनाट, गंजकी, पहिल्या महायुद्धातली! जुनी ती होतीच; १९०७ चा तो नमुना, आणि आपल्या देशात इशापूरच्या कारखान्यात पिढ्यान्पिढ्या बनत आलेला. पण एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ती रायफल नेमाला वाईट नव्हती. याच जातीच्या रायफलीला दुर्बीण लावून दोन्ही महायुद्धांत नेमबाजांनी कामे केली. मग चुकले काय? धडाधड गोळ्या ओकणाऱ्या हत्याराशी जवळून गाठ पडली तेव्हा दर गोळीला खटका मागे-पुढे ओढावा लागणारे हत्यार अपुरे पडले, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट पुढे राम प्रधान समितीने दाखवली. पोलिसांजवळ सरावासाठी पुरेशी काडतुसेच नव्हती. ज्याने वर्षानुवर्षे चाप ओढलेला नाही, त्याच्या हाती जगातली महागडी रायफल द्या, नाहीतर उसाचे टिपरू द्या, फार फरक पडत नाही.

त्या रात्री दिल्लीजवळच्या मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मुंबईत पोहोचेपर्यंत रात्र सरली. नरिमन हाऊसभोवतीच्या इमारतींवर त्यांचे नेमबाज बसले. पण आतले दिसत नाही तिथे सर्वोत्तम रायफलही मुकी होते. शेवटी २८ तारखेच्या सकाळी हेलिकॉप्टरमधून गच्चीवर माणसे उतरवावी लागली. त्यानंतर राज्याने 'फोर्स वन' हे स्वतःचे दल उभारले आणि राष्ट्रीय दलाचा तळही २००९ मध्ये मुंबईत आला. मग खरेदी आली, आणि खरेदीबरोबर प्रश्न आला: नेमबाजाला द्यायचे काय?

हा प्रश्न जगाला त्याच्या छत्तीस वर्षे आधी पडला होता. ५ सप्टेंबर १९७२ रोजी म्यूनिकच्या ऑलिंपिक नगरीत आठ जणांनी इस्रायलच्या खेळाडूंना ओलीस धरले. दोघांना तिथेच मारले आणि नऊ जणांना घेऊन ते रात्री विमानतळावर आले. बव्हेरियाच्या पोलिसांनी तिथे नेमबाज बसवले होते; आठ जणांसाठी पाच! हे पाच जण नेमबाज तरी कसले? रजेच्या दिवशी हौसेने नेमबाजी करणारे साधे पोलीस. हातात सैन्याची जी-३ रायफल, तिला दुर्बीण नाही. अंधारात पाहण्याचे साधन नाही, आणि एकमेकांशी बोलायला बिनतारी यंत्रही नाही. कोण कोणावर गोळी मारणार हे ठरवणार कसे? नऊच्या नऊ ओलीस मेले, एक पोलीसही गेला. त्यातून जर्मनांनी दोन गोष्टी केल्या. जीएसजी-९ हे खास दल काढले, आणि पुढे पोलिसांच्या कामासाठीच पीएसजी-१ ही रायफल बनवून घेतली. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या नेमबाजांनी वापरली ती हीच. म्यूनिकची हकिकत आम्ही मुद्दाम सांगितली. तिथे पैशांची वाण नव्हती. काम कोणते आहे हे आधी न ठरवता जे हत्यार हाताशी होते ते दिले गेले, म्हणून तो घात झाला.

तेव्हा आधी काम पाहू, मग रायफल.

नेमाची मोजणी सोपी आहे. रायफल घट्ट टेकवून शंभर मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या मारा. पाचही एका भोकातून जात नाहीत, त्या विखुरतात. शिपायाची साधी रायफल त्या चहाच्या बशीएवढ्या जागेत टाकते. रणांगणावर तेवढे पुरते. नेमबाजाच्या रायफलीने त्या दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत टाकल्या पाहिजेत. बशी आणि नाणे यांतला हा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण गुन्हेगार ज्याच्या आड उभा आहे त्याचे डोके गुन्हेगाराच्या डोक्यापासून चार बोटांवर असते, हे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या फरकात कोणाचा जीव अडकला आहे ते कळेल.

हा नेम येतो नळीतून आणि दस्त्यातून. नळी जाड, आणि पुढे कुठेही न टेकणारी हवी. गोळी सुटताना नळी सतारीच्या तारेसारखी थरथरते. थरथर दर वेळी सारखी असेल तरच गोळी दर वेळी एकाच जागी जाते. आता पाहा, भंडारदऱ्याच्या, घाटघरच्या पावसात आपल्या घरांची दारे फुगून चौकटीत अडतात की नाही? लाकडी दस्ताही तसाच फुगतो, नळीला टेकतो, आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम आषाढात बोटभर सरकतो. सुताराला जे न शिकता कळते ते खरेदीच्या कागदावर आणायला युरोपला फार वर्षे लागली. आता चांगल्या रायफलीचे दस्ते कृत्रिम धाग्यांचे किंवा धातूचे करतात. आपल्या सह्याद्रीच्या पावसाला तेच बरे.

मग काडतूस, आणि येथे थोडे थांबायला हवे, कारण चुकीची निवड बहुधा इथेच होते. निविदा मागवल्या की विकणारे मोठमोठे आकडे सांगतात: आमची दीड हजार मीटर मारते, आमची चिलखत फोडते. ऐकणाऱ्याची छाती फुगते. पण पोलिसाने विचारायचा प्रश्न उलटा आहे. गोळी कुठवर जाते हे त्याने मागाहून विचारावे. आधी विचारावे, थांबते कुठे? पोलिसांच्या नेमबाजीत जगभर रुळलेले काडतूस ७.६२ मिलिमीटरचे आहे. त्याची गोळी साधारण अकरा ग्रॅमची, म्हणजे तोळाभराची, आणि नळीतून सुटताना वेग सेकंदाला सुमारे आठशे मीटर. तिरपी वर सुटली तर ती तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊन पडते. अकोल्याच्या कोणत्याही चौकात उभे राहून हिशेब करा. गाव संपते, प्रवरेकाठची शेते लागतात, तरी ती उडतेच आहे. हे झाले मधले काडतूस! सैन्यासाठी निघालेली .३३८ किंवा .५० ही भारी काडतुसे वस्तीत आणणे म्हणजे उंदरासाठी सुरुंग लावणे होय. विटांची एक भिंत त्यांना अडवील याची खात्री देता येत नाही, आणि भिंतीपलीकडे कोणाचा तरी पाळणा असतो. उलट ५.५६ ची हलकी गोळी काच फोडताना सहज फुटते, वाकडी जाते. म्हणून मधले काडतूस, आणि त्यातही माणसाच्या शरीरातून आरपार न जाणारी गोळी.

याच गोळीपाशी एक चमत्कारिक गोष्ट आहे. लागल्यावर उमलणारी गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात काढली. तिच्या जखमा इतक्या भयंकर की १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने तिला युद्धात बंदी केली. पण ती बंदी युद्धापुरतीच. अनेक देशांतले पोलीस उमलणारी गोळी आजही वापरतात. कारण ती ज्याला लागते त्याच्यातच थांबते, मागच्या माणसाला लागत नाही. युद्धात जी क्रूर ठरली ती गल्लीत दयाळू ठरावी! पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हे पटले नाही. आता पटते, पण बरे वाटत नाही.

काचेचे नाव निघाले म्हणून सांगतो. २६ नोव्हेंबरच्या सुमारे एक महिना आधी, २७ ऑक्टोबर २००८ रोजी, कुर्ल्याला बेस्टच्या बसमध्ये पाटण्याहून आलेल्या एका तरुणाने पिस्तूल काढले. पोलिसांनी बस घेरली, गोळ्या झाडल्या, तरुण मेला. त्याला जिवंत धरता आले असते की नाही यावर दोन राज्यांत वाद पेटला. त्या वादाचा निकाल आम्ही देत नाही. एवढेच पाहा की शहरातल्या पोलिसापुढे येणारा प्रसंग हा असा असतो: बस, बाके, दांडे, घाबरलेले प्रवासी आणि मध्ये काच. तिरप्या काचेवर गोळी आदळली की ती वळते आणि काचेचे तुकडे आतल्यांच्या अंगावर उडतात. हे आधी जुन्या बसच्या काचांवर मारून पाहिलेल्यालाच कळते, रायफलीच्या माहितीपत्रकात ते छापलेले नसते.

दुर्बिणीविषयीही असेच. दसपट मोठे दाखवणारी घेतली की झाले, असे वाटते. पण जितके मोठे दिसते तितके थोडे दिसते. पन्नास मीटरवर दसपट पाहाल तर गुन्हेगाराचा कान दिसेल, शेजारून धावत येणारे पोर दिसणार नाही. म्हणून कमीजास्त करता येणारी दुर्बीण, आणि सोबतीला दुसरा माणूस. नेमबाज एकटा नसतो. जोडीदार मोठ्या नजरेने सगळे पाहतो, अंतर सांगतो, वरिष्ठांशी बोलतो, आणि दोघे कामे आलटून पालटून करतात. तासन्‌तास पाहणे आणि कळवणे हाच त्यांचा खरा धंदा. बहुतेक वेळा गोळी न मारताच ते उतरून घरी जातात, आणि तोच उत्तम दिवस.

आता आमच्या धंद्याचे बोलतो. एका कारखान्यात जोडारीचे काम करणाऱ्यांसाठी एकदा चष्मे आले. निविदा सर्वांत कमी किमतीची, कागद चोख. पण ते चष्मे घामाने पाच मिनिटांत धुरकट होत, म्हणून कामगार ते कपाळावर चढवून काम करीत; आणि एकाच्या डोळ्यात ठिणगी गेली तेव्हा चौकशीत लिहिले गेले, 'कामगाराने संरक्षक साधन वापरले नाही.' विकत घेणाऱ्याने ते एक तासही डोळ्यांवर ठेवून पाहिले नव्हते. रायफलीचेही असे होते. दस्ता ज्याच्या खांद्याला आणि गालाला बसायचा तो साडेपाच फुटी शिपाई. रायफल बनलेली सहाफुटी गोऱ्यासाठी. दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची बदलता येते का, चाप किती दाबाने सुटतो, डावखुऱ्याला खटका चालवता येतो का, हे प्रश्न वापरणाराच विचारील. पण त्याला विचारतो कोण? आमच्या कामगाराला निदान संघटना असते. पोलिसाला ती नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर बंधने आली, आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस संपावर गेले तेव्हा सैन्य बोलावून तो संप मोडला गेला. संप असावा की नसावा हा वाद राहू द्या; पण निवडसमितीत दोन साधे शिपाई बसवायला कोणता कायदा आड येतो? चार नमुने मागवा, ज्यांना वापरायचे त्यांना महिनाभर पावसात, उन्हात, गच्चीवर, चिखलात वापरू द्या, मग किंमत पाहा. आणि किंमत पाहताना इंजिन-पंपाची आठवण ठेवा. पंप एकदाच घ्यावा लागतो, तेल रोज लागते. नेमबाजाला एकाच घाण्यातली, एकसारखी, नेमासाठी बनवलेली काडतुसे वर्षभर पुरवायची तर काही वर्षांत तो खर्च रायफलीच्या किमतीच्या पुढे जातो. ज्या अंदाजपत्रकात रायफल आहे आणि काडतुसे नाहीत, त्यावर सही करू नये.

एवढे झाल्यावर एक गोष्ट राहते, आणि ती बाजारात मिळत नाही. ती म्हणजे वही. एक रायफल, एक माणूस, एक वही. प्रत्येक गोळीची नोंद: तारीख, अंतर, वारा, ऊन की थंडी, काडतूस कोणत्या घाण्यातले, गोळी कुठे लागली. सगळ्यांत महत्त्वाची असते गार नळीतून सुटलेली पहिली गोळी. नळी तापल्यावर पुढच्या गोळ्या थोड्या वेगळ्या जातात, आणि प्रसंगाच्या वेळी पहिली तीच खरी. शंभर वेळा गार नळीने मारून लिहून ठेवले असेल तरच एकशे एकाव्या वेळी काय होईल ते सांगता येते. रायफल आज याच्या हाती, उद्या त्याच्या हाती अशी फिरली की ही विद्या संपली.

आम्हाला या वहीत दुसरेही काही दिसते. पोलिसांच्या गोळीबाराचा महाराष्ट्राला अनुभव आहे. १९५५-५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर उतरलेली शंभराहून अधिक माणसे मेली. हुतात्मा चौकात त्यांचे स्मारक आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात पवनेच्या पाण्याच्या जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी गोळीबारात गेले. मे २०१८ मध्ये तमिळनाडूत तूत्तुकुडीला तांब्याच्या कारखान्याविरुद्धच्या आंदोलनात तेरा माणसे मेली, आणि पोलिसांच्या गाडीच्या टपावर चढून रायफलीने नेम धरणारा साध्या कपड्यांतला पोलीस सगळ्या देशाने पाहिला. त्याच्या हातची रायफल नेमबाजाची नव्हती, हे खरे. पण चित्र तेच होते. उंचावर बसलेला एक जण आणि खाली जमाव. ज्या हत्याराचा जन्म एका ओलिसाला सोडवण्यासाठी झाला ते मोर्चावर रोखले गेले, तर त्याच्या नेमाचे कौतुक आम्ही कोणत्या तोंडाने करावे? एप्रिल २०२३ मध्ये याच अकोल्यातून हजारो माणसे पायी लोणीकडे निघाली. शेतकरी होते, अंगणवाडीच्या ताया होत्या. मंत्री वाटेतच येऊन भेटले, बोलणी झाली. बंदोबस्ताला पोलीस होते. काठ्या होत्या, ऊनही तसेच होते. गच्च्यांकडे पाहावे असे कोणाच्या मनात आले नाही. तसे कधी येऊ नये, म्हणून आम्ही हे बोलतो.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात झालेल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मेली. त्यांवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या खटल्यात २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल लागला. चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, आणि गोळी झाडणाऱ्याने आपले हत्यार तपासणीसाठी जमा करावे, असे न्यायालयाने घालून दिले. नळीतून सुटणाऱ्या गोळीवर त्या नळीच्या आट्यांचे ओरखडे उठतात; त्यावरून गोळी कोणत्या रायफलीची ते सांगता येते. पण रायफल कोणाच्या हाती होती ते सांगणार कोण? ती वही. नेम साधावा म्हणून जी ठेवायची, तीच न्यायालयातही उभी राहते. ज्या दलाला दुसऱ्या कारणासाठी वही नको असते, त्याचा नेमही बिघडतो, असे आमचे निरीक्षण आहे.

आमचे एक स्नेही पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना आम्ही विचारले, 'हवालदारसाहेब, तुमची रायफल कोणती होती?' ते म्हणाले, 'माझी अशी कुठली? वर्षातून एकदा नेमाला न्यायचे. रांगेतून जी हातात येईल ती. एकच रायफल दोनदा हातात आल्याचे मला आठवत नाही.' मग ते आत गेले आणि शाळेच्या मुलाची असते तशी एक चाळीस पानी वही घेऊन आले. स्वतःच्या हौसेने ठेवलेली. तारीख, गोळ्या किती, लागल्या किती. आम्ही पाने उलटत गेलो. मध्ये एका पानावर नुसते सालच लिहिलेले होते, खाली काही नाही. पुढच्या पानावर पुढचे साल, खाली काही नाही. आम्ही वर पाहिले तेव्हा ते म्हणाले, 'त्या वर्षी काडतुसे आली नाहीत. तरी मी साल लिहून ठेवले.'